गुणपत्रिकेच्या शेजारी

अर्ज कमकुवत आहे असं मुलं सांगतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेकदा एकच आकडा असतो. इंजिनिअरिंगची एकूण टक्केवारी, जीमॅटचा गुण, किंवा दुसऱ्या वर्षी राहिलेला एम-थ्री. पुण्यात इंजिनिअरिंग केलेल्या माणसाला एम-थ्री म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. गणिताच्या या तिसऱ्या पेपरने कित्येकांची वर्षं खाल्ली आहेत. त्याच्यामुळे वायडी झालेली, म्हणजे वर्ष गेलेली, मुलं पुढे चांगल्या कंपन्यांत जबाबदारीच्या जागांवर गेली, पण परदेशातल्या बिझनेस स्कूलचा अर्ज उघडला आणि सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका जोडायची वेळ आली की त्यांचा हात अजूनही थांबतो.

मी आयुष्यभर महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. जुने विद्यार्थी, त्यांचे मित्र, सोसायटीतल्या कुणाची भाची असे बरेच जण दर पावसाळ्यात निबंधांचे खर्डे घेऊन माझ्याकडे येतात, कारण पहिल्या राऊंडची मुदत सप्टेंबरात संपते आणि दुसऱ्याची जानेवारीच्या सुरुवातीला. "मॅडम, फक्त इंग्रजी बघा," असं म्हणून कागद पुढे करतात. इंग्रजी सहसा ठीकच असतं. पण पानभर वाचूनही हा मुलगा उद्या रस्त्यात भेटला तर ओळखू येईल असं काही हाती लागत नाही.

मोठ्या शाळांचे आकडे मी आधीच समोर ठेवते, म्हणजे निदान भीतीला माप मिळतं. हार्वर्डच्या एमबीएच्या एका तुकडीत नऊशेच्या वर मुलं असतात, स्टॅनफर्डच्या तुकडीत सव्वाचारशेच्या आसपास. अर्ज हजारोंनी येतात, आणि स्टॅनफर्ड शंभरातल्या जेमतेम सहा-सात जणांना घेतं. नाकारलेल्यांमध्ये तिथला अभ्यास सहज झेपला असता अशी माणसं पुष्कळ असतात. म्हणजे आकडा चांगला आहे म्हणून दार उघडतं असं नाही, आणि एक आकडा पडला म्हणून ते बंद होतं असंही नाही. फाइल माणसं वाचतात, आणि वाचताना त्यांना शंका येतात. पहिल्या सत्रातलं संख्याशास्त्र, अकाउंटिंग, फायनान्स याला झेपेल का? वर्गात हा बोलेल का? हार्वर्डला शिक्षण केसवरच्या चर्चेतून चालतं आणि वर्गातल्या बोलण्याला गुण असतात, त्यामुळे ही शंका साधी नाही. शिकून झाल्यावर याला नोकरी कोण देईल? आणि हा आत्ताच का येतोय? अर्जातली कमकुवत जागा म्हणजे अशी एखादी शंका, जिचं उत्तर फाइलभर शोधूनही मिळत नाही. मुलं ती जागा झाकायला बघतात. माझं म्हणणं असं की आधी त्या जागेवर थांबून वाचणाऱ्याला नेमकी कसली काळजी वाटत असेल ते ओळखावं. काळजी ओळखता आली की काय करायचं ते आपोआप सुचू लागतं.

सांगलीकडचा एक मुलगा आला होता. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. डिप्लोमाची मुलं वर्कशॉपमध्ये तरबेज असतात आणि गणितात अडकतात, कारण बाकीच्यांनी पहिल्या वर्षी जे गणित केलेलं असतं ते यांच्या वाट्याला तसं आलेलंच नसतं. त्यात वडिलांचं आजारपण. एम-थ्री पुन्हा पुन्हा राहिला, एक वर्ष गेलं, शेवटी एकूण टक्के पडले ५७. माझ्याकडे आला तेव्हा तो चाकणला, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होता आणि दोन पाळ्या सांभाळत होता.

बहुतेक शाळांच्या अर्जात एक ऐच्छिक निबंध असतो. गुण कमी का पडले, मध्ये नोकरी का नव्हती, असं काही सांगायचं असेल तर त्यासाठी. या मुलाने तिथे दीड पान लिहिलं होतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यातल्या रात्री, आईने मोडलेले दागिने, वर्गात इंग्रजीतून प्रश्न विचारायची वाटणारी लाज. सगळं खरं होतं, आणि वाचताना माझे डोळे भरून आले. पण वाचणाऱ्याची काळजी होती तिथेच राहिली होती: आज, या घडीला, याला संख्याशास्त्र येतं का? दीड पान दुःख वाचूनही ते कळत नव्हतं. मी त्याला ते पान फाडायला सांगितलं नाही, जपून ठेवायला सांगितलं. अर्जात मात्र चार वाक्यं राहिली. काय झालं, कधी झालं, ते कधी संपलं आणि त्यानंतर काय बदललं. शेवटच्या वर्षी त्याला प्रथम वर्ग होता, ही गोष्ट त्याने कुठेच लिहिली नव्हती. पडलेल्या वर्षांकडे बघण्याच्या नादात चढलेलं वर्ष त्याला दिसलंच नव्हतं.

बाकीचं उत्तर कागदावर लिहून मिळणारं नव्हतं, ते कमवावं लागणार होतं. हार्वर्ड बिझनेस स्कूलचाच एक ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, कोअर नावाचा. त्यात बिझनेस अॅनॅलिटिक्स, व्यवस्थापकांसाठीचं अर्थशास्त्र आणि फायनान्शियल अकाउंटिंग असे तीन विषय असतात. अमेरिकेतल्या काही विद्यापीठांच्या एक्स्टेन्शन विभागांतही कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स असे विषय गुणांसकट घेता येतात. जुनी गुणपत्रिका कुणाला बदलता येत नाही, पण तिच्या शेजारी नवीन ठेवता येते. त्याने पाळ्या संपल्यावर, कंपनीच्या बसमध्ये, रविवारी दुपारी असा अभ्यास केला. त्यात वर्षातला बराच काळ गेला. मित्र म्हणत होते, एवढं कशाला, निबंध भारी लिहून घे. त्याने ऐकलं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं.

इथे एक गोष्ट पालकांसाठी. आपले ६० टक्के म्हणजे प्रथम वर्ग, आणि अमेरिकेत शंभरातले ६० म्हणजे काठावर पास, या धास्तीने काही जण टक्क्यांचं आपल्या मनाने जीपीएमध्ये रूपांतर करून टाकतात. बहुतेक शाळा तुमच्या विद्यापीठाच्या मोजपट्टीतच गुण लिहायला सांगतात. भारतातल्या गुणपत्रिका तिथे वर्षानुवर्षं वाचल्या जातात, कुठल्या विद्यापीठात ६० ला काय किंमत आहे याची वाचणाऱ्याला चांगली कल्पना असते.

जीमॅटचंही तसंच. २०२३ च्या शेवटी परीक्षा नव्या रूपात आली. पाऊण पाऊण तासाचे तीन भाग, गणित, भाषा आणि डेटा इनसाइट्स, आणि गुण २०५ ते ८०५ मध्ये. जुन्या परीक्षेच्या ७०० च्या तोडीचा गुण आता ६४५ च्या आसपास येतो. घरातल्या मोठ्यांना हे ठाऊक नसतं. दादाला तेव्हा ७२० होते, तुला ६५५ च कसे, असं जेवणाच्या ताटावर विचारलं जातं, आणि चांगला गुण मिळवलेलं मूल पुन्हा परीक्षेला बसायला निघतं. वर्षातून पाच वेळा बसता येतं म्हणून पाच वेळा बसू नये. गुण पाच वर्षं चालतो. एकदा तो शाळेच्या नेहमीच्या पट्ट्यात आला की पुढचे महिने दुसऱ्या शंकांना द्यावेत.

कोल्हापूरच्या एका मुलीला आकड्यांची भीती नव्हती. तिची भीती वेगळी होती. शिरोली एमआयडीसीत वडिलांची फौंड्री, शिक्षण संपल्यावर ती तिथेच रुजू झालेली. बरोबरीच्या मुली मोठ्या सल्लागार कंपन्यांत, बँकांत. आपल्या रेझ्युमेवर कुणी ओळखेल असं एकही नाव नाही, आणि लिहायला काय, तर वडिलांचा कारखाना. म्हणून तिने पहिल्या खर्ड्यात कारखाना जमेल तितका पुसून टाकला होता. डेटावर आधारित गुणवत्ता सुधारणा राबवली, बदलाचं नेतृत्व केलं, सर्व घटकांना एकत्र आणलं, अशी वाक्यं. कुठला माल, कसली गुणवत्ता, घटक म्हणजे कोण, काही पत्ता नाही.

मी तिला विचारलं, रात्री कारखान्यात काय चालतं ते सांग. मग ती दोन तास बोलत होती. रात्रीची वीज तेव्हा स्वस्त पडायची म्हणून भट्टी रात्री चालायची, त्यामुळे फौंड्रीचा खरा दिवस रात्री असायचा. पावसाळ्यात वाळू दमट होते, साच्यात ओल राहिली की ओतलेल्या लोखंडात वायूची पोकळी धरते, ब्लोहोल पडतो आणि कास्टिंग रिजेक्ट होतं. जून ते सप्टेंबर रिजेक्शन वाढतं हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी ते पावसाच्या नावावर टाकलं होतं. तिने ओल मोजायचं यंत्र आणलं आणि तासातासाला नोंद ठेवायला सांगितलं. जुने मोल्डर मामा, वडिलांच्याही आधीपासून साचे करणारे, त्यांनी यंत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची, ढेकूळ कसं मोडतं ते बघायचं, एवढ्यावर त्यांचं काम चाललेलं. मालकाच्या मुलीला हुकूम देता आला असता. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि मूठ शिकली. मामा मुठीवरून ओल सांगायचे, मग ती यंत्र लावायची, आणि आकडा बहुतेक वेळा तोच निघायचा. त्यातून तिच्या लक्षात आलं की माल मामांच्या पाळीत बिघडत नाहीच. बिघडतो तो नव्या मुलांच्या पाळीत, ज्यांच्या हाताला अजून ते कळत नाही. यंत्र मग त्यांच्यासाठी राहिलं, आणि त्या मुलांना शिकवायला मामा स्वतः उभे राहिले.

तिच्या खर्ड्यात मामा नव्हते. एका ओळीतसुद्धा नाहीत. "हे सगळं लिहिलं तर लहान वाटणार नाही का?" तिने विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्याचं ज्ञान ओळखायला वयाची पन्नाशी उलटली तरी कित्येक मॅनेजरांना जमत नाही, तू ते पंचविशीत केलंस, यात लहान काय आहे? ती नुसती बघत राहिली. आपल्या घरांत स्वतःच्या कामाबद्दल चारचौघांत बोलणं वाईट दिसतं, काम बोलेल असं शिकवलेलं असतं. मला ही शिकवण आवडते. पण हजारो मैलांवर बसलेल्या वाचकापर्यंत काम स्वतःहून चालत जाणार कसं? कुणीतरी सांगायला हवंच, आणि ते करणाऱ्याइतकं खरं कोण सांगणार?

घरच्या धंद्यात असणाऱ्यांची आणखी एक अडचण शिफारसपत्रांची. साहेब म्हणजेच वडील, आणि नातेवाइकांचं पत्र शाळांना चालत नाही. अशा वेळी गिऱ्हाईक, माल पुरवणारा, कारखान्याचे ऑडिटर, ज्याने तुमचं काम बाहेरून आणि जवळून पाहिलंय अशा माणसाकडे जावं. ही मुलगी पुण्यातल्या एका कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याकडे गेली. त्यांचा एक लॉट बिघडलेला निघाला होता, आणि त्यांच्या तपासणीत तो सापडायच्या आधी तिने स्वतः फोन करून सांगितलं होतं. त्यांना ते चांगलं आठवत होतं.

बऱ्याच ठिकाणी साहेब म्हणतात, तूच लिहून आण, मी सही करतो. यात त्यांचा वाईट हेतू नसतो, वेळ नसतो आणि इंग्रजीची धास्ती असते. तरीही असं पत्र घेऊ नये. शाळांना ते चालत नाही हे एक, आणि स्वतःच स्वतःची शिफारस लिहिणारा माणूस आपल्याबद्दल नवीन काहीच सांगू शकत नाही हे दुसरं. पुष्कळ शाळांच्या पत्रात असा प्रश्न असतो की तुम्ही या व्यक्तीला सुधारण्यासाठी कोणती सूचना केली आणि तिने पुढे काय केलं. आपले साहेब लोक प्रेमापोटी लिहितात, सुधारण्यासारखं काही नाहीच. वाचणारा तिथे थबकतो, त्याला वाटतं यांनी काम जवळून पाहिलेलं नाही. त्या खरेदी अधिकाऱ्याने लिहिलं की ही मुलगी गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही, झेपणार नाही अशी तारीख कबूल करते, हे मी तिला तोंडावर सांगितलं आणि पुढच्या ऑर्डरला तिने मला दोन आठवडे जास्त मागितले. संपूर्ण अर्जातला हा मला सगळ्यात भक्कम मजकूर वाटला. ती पुढे फ्रान्सला, फाँतेनब्लोला इन्सिआडच्या दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला गेली. तिथल्या अर्जातही स्वभावातले गुणदोष मोकळेपणाने लिहायला सांगतात, आणि तोवर तिला तसं लिहिण्याची भीती उरली नव्हती.

स्टॅनफर्ड कित्येक वर्षं एकच प्रश्न विचारत आलं आहे. तुम्हाला सर्वांत महत्त्वाचं काय वाटतं, आणि का? हिंजवडीत आयटीत असलेल्या एका मुलाने त्याचं उत्तर 'उत्कृष्टतेचा ध्यास' असं लिहून आणलं होतं. समाजकार्याच्या रकान्यात एका संस्थेचं नाव, तारीख तीन महिन्यांपूर्वीची. अर्जाच्या तोंडावर सुरू झालेलं समाजकार्य तारखेवरूनच ओळखू येतं, त्यापेक्षा रकाना रिकामा बरा. बोलता बोलता त्याने सांगितलं की गणपतीत त्याला सुट्टी लागेल, तो मंडळाचा खजिनदार आहे, कॉलेजपासून. त्याच्या लेखी ही अर्जात लिहायची गोष्ट नव्हती. वर्गणीची पावतीपुस्तकं, धर्मादाय आयुक्तांची परवानगी, मांडववाला, पोलीस चौकी, रुसणारे जुने कार्यकर्ते, हे सगळं तो इतकी वर्षं सांभाळत होता. आणि त्याने एक पायंडा पाडला होता. विसर्जनानंतरच्या रविवारी पूर्ण हिशेब चौकातल्या फळ्यावर लावायचा आणि मोठ्याने वाचून दाखवायचा, अकरा रुपये देणाऱ्या भाजीवालीच्या नावासकट.

मी विचारलं, हे का सुरू केलंस? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, तो शाळेत असताना गावातली पतसंस्था बुडाली, त्यात त्याच्या आजीचे पैसे होते. आजी रोज पासबुक घेऊन बंद शटरपर्यंत जायची. हिशेब कुणी कधी सांगितलाच नाही. या दोन गोष्टी त्याने आजवर एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. लोकांच्या पैशाचा हिशेब लोकांसमोर व्हावा, हे त्याला सर्वांत महत्त्वाचं वाटत होतं, आणि का, तेही त्याच्यापाशी होतं. छोट्या बचतदारांसाठी काही उभारायचं हे त्याचं पुढचं स्वप्न तोवर फाइलमध्ये उपऱ्यासारखं पडून होतं, त्यालाही आता मुळं मिळाली.

अशा वेळी मला त्या तयार निबंधांचा राग येतो. पैसे घेऊन निबंध लिहून देणारे आहेत, आणि आता यंत्रंही आहेत. यंत्राने लिहिलेले खर्डेही मुलं घेऊन येतात. वाक्यं सुबक, चूक एकही नाही, आणि कुठल्याही दोघांची अदलाबदल केली तरी चालेल. ज्याने आजीचं पासबुक पाहिलंय त्याच्याकडून ते काढून घेऊन त्याच्या हाती उत्कृष्टतेचा ध्यास देणं हा त्या मुलावर अन्याय आहे. मी प्रश्न विचारते, ऐकते, न कळलेल्या वाक्याखाली रेघ मारते. वाक्य त्याचं त्याने लिहायचं. मुलाखतीला शेवटी तोच बसणार आहे.

काही अर्जांत मात्र सगळं असतं आणि तरी ते उभे राहत नाहीत, कारण जाणाऱ्यालाच जायचं कशाला हे माहीत नसतं. अमेरिकेतल्या वरच्या शाळांत दोन वर्षांचा राहण्याजेवणासकट खर्च दोन लाख डॉलरच्या वर जातो. कर्जाला तारण म्हणून गावाकडची जमीन किंवा आईवडिलांचा राहता फ्लॅट लावणारी घरं मी पाहिली आहेत. एका मुलीला मी तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं की एमबीए झालं नाही तर तुझं काय अडेल. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, काहीच नाही, मला या नोकरीतून बाहेर पडायचंय एवढंच. तिने नोकरी बदलली. अर्ज केला नाही, आणि मला वाटतं तिने स्वतःला नीट ओळखलं.

सांगलीच्या मुलाला पहिल्या वर्षी सगळीकडून नकार आले, एका ठिकाणी मुलाखतीपर्यंत जाऊन. पुन्हा अर्ज करणाऱ्यांना शाळा विचारतात की मागच्या खेपेनंतर काय बदललं, आणि मागचा अर्ज त्यांच्याकडे असतो. तिथे जुनाच निबंध नव्या शब्दांत दिलेला खपत नाही. त्याच्या बाबतीत खरंच बदललं होतं. कोअरचा निकाल हातात आला होता, कारखान्यात त्याला तिसरी पाळी आणि नवी लाइन उभी करायचं काम मिळालं होतं. यंदा तो पहिल्या राऊंडलाच अर्ज करणार आहे, तिसऱ्या राऊंडपर्यंत जागा फार थोड्या उरतात म्हणून.

मागच्या आठवड्यात त्याचे वडील त्याच्याबरोबर आले होते. आता तब्येत बरी आहे, काठी लागते. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्या खेपेला हुईल न्हवं?" मी सांगितलं, खात्री कुणीच देऊ शकत नाही, आणि जो देईल त्याला पैसे देऊ नका. चार शाळा ठरवल्या आहेत, दोन अवघड, दोन त्याच्या आवाक्यातल्या. कारखान्यातल्या साहेबांचं पत्र अजून यायचंय, त्यांना आठवण करायची आहे. आणि नव्या लाइनवर पहिल्या महिन्यात काय बिघडलं ते त्याने निबंधात अजून लिहिलेलं नाही, ते या रविवारी लिहून आणायचंय. "लिव्हतो की," मुलगा म्हणाला, आणि वडिलांनी त्याच्याकडे बघून विचारलं, "काय बिघडलं हुतं रं? आमाला कवा सांगितलं न्हाईस."